पाटीचा रंग

मनमाड, २ जून

चि. विश्वजीत यास, आणि तिकडे आखातात गुदैबियातल्या खोलीत तुझ्यासोबत राहणाऱ्या सगळ्या भावांनाही,

जय भीम व आशीर्वाद. हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. तुम्हा सगळ्यांचं दुखणं एकच: काम तुमचं, उंची तुमची, आणि पडलात तर चूकही तुमचीच. तुझ्या दादाचं तेच झालं. कंपनीचा अहवाल म्हणतो, परांचीवर लाल पाटी होती, म्हणजे चढायला बंदी. तरी खंडू चढला आणि पडून मेला.

तू सुट्टीवर आलेल्या फिलिपसोबत पाठवलेला यांचा फोटो पोचला. त्याच सकाळी परांचीखाली काढलेला, यांच्याच कॅमेऱ्यातल्या रोलमधला शेवटचा. छान छापलास, आत्ताच घरून जेवून निघाल्यासारखे दिसतात. पण पाटी तांबूसच आहे. सत्य आधी आपल्या घरात बोला, असं मी सभांतून बायकांना सांगते. म्हणून लेकीला, मैत्रीला, सांगितलं की पप्पांची चूक होती. पोरगी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

पाटी खरंच लाल होती का? तू फोटो छापणारा, रंगांतला माणूस. गोलमोल लिहू नकोस.

लोभ आहेच, तो मागावा लागू नये.

प्रभावती


गुदैबिया, १३ जून

आदरणीय वहिनी,

सविनय जय भीम, वि. वि. तुमचं पत्र खोलीत वाचून दाखवलं नाही. तुम्ही समोर माइक असल्यासारखं लिहिता, आणि माझा धीर झाला नाही.

चूक माझी आहे. निगेटिव्हवरून छापताना रंग आम्ही फिल्टरने ठरवतो. मी दुकानातला जुना मॅट कागद घेतला, उष्म्याने आधीच खराब झालेला. त्यावर दादा प्रेतासारखा आला. मला पाहवेना. त्याचा चेहरा घरच्यासारखा दिसेपर्यंत मी लाली वाढवत गेलो. चेहरा सुधारला, पाटी बिघडली. त्याचं पांढरं हेल्मेट गुलाबी झालं होतं, तेही मला दिसलं नाही.

आता ताज्या ग्लॉसी कागदावर, हेल्मेट पांढरं येईल असा फिल्टर लावून पुन्हा छापलं. कागद ओला असताना रंग फसवतो, म्हणून वाळेपर्यंत थांबलो. पाटी हिरवी आहे, वहिनी. तिच्यावरची, मॅट कागदात बुडालेली तारीखही वाचता येते, त्याच दिवसाची. दादाला चढायची परवानगी होती.

पण चेहराही खरा आलाय. पिवळा, ओठ सुकलेले. तो आजारी होता, मला बोलला नाही. मैत्रीच्या आधी तुम्ही बघा. फोनवर पाठवत नाही, प्रत्येक फोन आपलाच रंग लावतो.

एक विनंती. हा मी छापला हे कुठे सांगू नका. दादाच्या कंपनीचं कामही आमच्याच दुकानात येतं. ते प्रकरण खलास, आता उकरू नकोस, असं मालक म्हणाला. माझा व्हिसा त्याच्या हातात आहे.

रागावलात तरी लोभ ठेवा.

आपला विश्वजीत


मनमाड, २५ जून

चि. विश्वजीत यास,

जय भीम. फोटो मिळाला. मी पाहिला, मग मैत्रीला दिला. तिने पाटी पाहिली, नंतर बराच वेळ चेहरा. विचारलं, असं अंग असताना पप्पांना कामावर जायला कुणी सांगितलं. उत्तर माझ्याजवळ होतं. आदल्या दिवशी ते फोनवर म्हणाले होते की अंग तापलंय. मी म्हटलं, आत्ता सुट्टी घालवू नका, मैत्रीच्या परीक्षेला घ्या. हे मी तिला सांगितलं. ती उठून आत गेली. तुला लिहिते, कारण त्या चेहऱ्यापुढे तू एकटा उभा नाहीस.

तिथे आपली बाजू मांडणारे वकील इमाद म्हणतात, चौकशी ६ जुलैला आहे. हा फोटो कुणी आणि कसा छापला हे सांगणारा माणूस नसेल, तर कंपनी म्हणेल रंग बदललाय. आणि एकदा तो बदलला होता, तुझ्याच हाताने. तेही सांग. दोन्ही फोटो या पत्रासोबत परत पाठवतेय, ते चौकशीत त्यांच्यापुढे ठेव.

व्हिसा जाईल, ते मला कळतं. आलास तर माझ्या भाजीला नावं ठेवत इथे जेव. पण जुलूम करणारा कधीच एकटा पुरा पडत नाही, त्याला आपल्यातलेच गप्प बसणारे लागतात. तुझ्या दादाला खाली पाडणारे बाहेरचे होते. त्याला खोटा ठरवणारा घरातला नको.

लोभाचं आज काही लिहीत नाही. ग्लॉसी फोटोच्या मागे तुझं पूर्ण नाव लिही आणि रविवारी, ५ तारखेला, निगेटिव्हसकट तो स्वतः इमादच्या हातात दे.

प्रभावती