आप्पांच्या काढ्याचा गुण

माघ शु. ४, शके १८०६. ठाणे.
रात्र पुन्हा कोरी. पहाटे जरा पापणी जडावली, तोच आईने न्हाणीत घंगाळ सरकवलं. उठलो.
मार्गशीर्षात आठवड्यातली एखादी रात्र अशी जायची. आता झोपेची रात्र एखादी.
कोर्टात गोमा पाटलाचा दावा, मिठागराच्या बांधाचा. साक्षीदाराला एकच प्रश्न दोनदा विचारला. जज्जसाहेब म्हणाले, "वकील, याचं उत्तर आपण आत्ताच ऐकलंत." मागे कोणी तरी हसलं. बाहेर आल्यावर गोमा रागावला असता तर बरं होतं. पागोटं नीट करत म्हणाला, "तुमी जरा निजून या, साहेब. दावा काय पलून जातोय?"
अशिलाने वकिलाला असं सांगावं.

माघ शु. ६
ज्याला त्याला माझ्या झोपेवर औषध ठाऊक आहे. आई तळपायाला काशाच्या वाटीने तूप चोळते. शेजारचे तात्या म्हणतात दुधातून जायफळ. कोर्टातले एक स्नेही कानात म्हणाले, ब्रँडी. सगळे शेवटी एकच सांगतात, चिंता सोडा. कसली? मला झोपेवाचून दुसरी चिंताच नाही.
सौ. पाठ टेकली की झोपते. सातवा महिना, धड कूस बदलता येत नाही, तरी झोपते. तिच्या संथ श्वासाचा मला राग येतो. लिहितानाही लाज वाटते, पण येतो.

माघ शु. ९
शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो. कल्याणला कळू द्यायचं नाही असं सौ.शी ठरलं आहे. तिचे वडील, आप्पा, तिथले जुने वैद्य. जावई बाटलीचं औषध घेतो हे कळलं तर त्यांना ते कधी पचायचं नाही.
डॉ. मिंगेल इथल्याच किरिस्ताव शेतकऱ्याचा मुलगा, मुंबईला शिकून आलेला. नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्यांखाली अंगठा दाबला.
"वकील, तुमच्यात काय बिघाड नाय."
"मग झोप का नाही?"
"ती कुठं असते ते आम्हाला अजून शिकवलेलं नाय." आणि एक बाटली दिली. निजताना पाण्यातून एक मोठा चमचा.
उलटसुलट तपासणीत असं उत्तर देणाऱ्या साक्षीदाराला मी सोडला नसता.

माघ शु. १०
घसा जळतो. पण झोपलो. स्वप्न नाही, काही नाही. रात्र कोणी कापून नेल्यासारखी.
सकाळी जीभ जाड. कोर्टात अशील समोर उभा, आणि त्याचं नाव आठवेना. गोमाचं. चार वर्षं माझ्याकडे येतो आहे.

माघ शु. १३
औषध बंद.
परवा रात्री सौ.च्या पोटात कळ आली. तिने मला हाका मारल्या, हलवलं, शेवटी तोंडावर पाणी मारलं. मी उठलो नाही. आईने उठून सगळं पाहिलं, सुईणीला बोलावलं. सुदैवाने तसं काही नव्हतं, वायू होता. मला हे सकाळी चहाच्या वेळी कळलं. सौ. म्हणाली, "झोप लागली होती तुम्हाला, बरं झालं." हे तिने मनापासून म्हटलं हे आणखी वाईट.
बाटली तिच्या हातात दिली. ओतून टाक म्हटलं. "बरं," म्हणाली.

माघ व. २
चार रात्री कोऱ्या. पहिल्यापेक्षा वाईट. आता अंथरूण पाहिलं तरी छातीत धडधडतं, जसं काही कैफियत तयार नसताना पुकारा व्हावा.

माघ व. ४
सौ.ला बाळंतपणाला न्यायला आप्पा स्वतः आले. पाटावर बसले, पाण्याचं भांडं हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहतच राहिले.
"जावईबापू, हे डोळे कधीपासून असे?"
सांगावं लागलं. बाटलीचं वगळून.
"आणि मला कळवलं नाहीत. घरात वैद्य असताना." आवाज चढला नाही. भांडं मात्र तसंच खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुम्हीही चला. पंधरवडा माझ्याकडे राहा. माझ्या नजरेखाली."
तारखा मागून घेतल्या. गोमाच्या दाव्याचीही. जायचं मनात नव्हतं, पण नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो.

माघ व. ७. कल्याण.
आप्पांची ओसरी रिकामी असते. लग्नाच्या वेळी पाहिली होती तेव्हा शहाड-मोहन्याकडची माणसं उन्हं चढायच्या आत येऊन बसलेली असत. आता एक खोकणारा म्हातारा, तोही गप्पांना येतो. बाकी सगळे दवाखान्याकडे वळले. सौ. म्हणाली, "त्यांच्यासमोर ओसरीचा विषय काढू नका."
काढा ते स्वतः करतात. जटामांसी, शंखपुष्पी, आणखी काय काय. सगळ्या घराला ओल्या मुळ्यांचा वास. संध्याकाळी वाटीभर, समोर बसून पाजतात. डाव्या कुशीवर निजा. दही नको. दुपारी आडवं व्हायचं नाही. सगळं करतो.
झोप नाही. सकाळी दारात उभे: "कसं?" मी मान हलवतो. ते आत जातात आणि खलबत्ता सुरू होतो. त्या ठोक्यांत मला माझ्यावरचा राग ऐकू येतो. कदाचित तो त्यांचा स्वतःवरचा असेल.

माघ व. १०
सासूबाई सौ.ला म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा बेताने, "पुरुषाने इतकं मनाला लावून घेऊ नये." मी काय लावून घेतलं आहे ते कोणी मला सांगेल का. चिडून पानावरून उठलो. मग दिवसभर ओशाळा.
उद्या ठाण्याला परत जातो असं सौ.ला सांगितलं. म्हणाली, "अजून चार दिवस थांबा. माझ्यासाठी."

माघ व. ११
झोपलो.
पहाटे जाग आली तर कावळे ओरडत होते आणि मला ते आवडले. जीभ हलकी, डोकं स्वच्छ. दवाखान्याच्या झोपेसारखी ही नव्हती. माणसाची झोप होती.
आप्पांना सांगितलं. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "धूर फार होतो हो या चुलीचा." चूल अजून पेटली नव्हती.

माघ व. १३
पुन्हा झोप. तिसरी रात्र. भूक लागते. सासूबाईंची माफी मागितली, त्या लाजल्या.
आप्पा गावभर सांगताहेत. शहाडहून एक बाई मुलाला घेऊन आली, त्याला रात्री दचकायला होतं. खोकणाऱ्या म्हाताऱ्याला सरकून बसावं लागलं. आप्पा मला ओसरीवर बोलावतात आणि पुरावा म्हणून दाखवतात. मीही उत्साहाने साक्ष देतो.
मला मात्र फार खोदून विचारतात. झोप कशी आली? आधी पाय जड झाले की डोकं? किती वेळाने? मी म्हणालो, "आप्पा, आली हे काय कमी आहे?" ते हसले, पण पुन्हा विचारलंच.

फाल्गुन शु. १
लिहू की नको.
दुपारी सौ.ने परसात बोलावलं. तुळशीपाशी उभी होती. म्हणाली, "बाटली संपली आहे."
"कोणती?"
"डॉक्टरांची. मी ओतली नव्हती. आप्पा काढा गाळतात आणि मी वाटी आणते, तेव्हा मी त्यात घालत होते. अर्धाच चमचा. तुम्हाला एक जास्त होत होता." थांबली. "मला दवाखान्यात जाता येत नाही, नाही तर सांगितलंच नसतं."
घर माणसांनी भरलेलं, ओरडताही येईना. हळू आवाजात जितकं भांडता येतं तितकं भांडलो. मला फसवलंस. मी बंद केलेलं औषध मला न विचारता. बापाला फसवलंस. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुम्ही माझ्याकडे कसे पाहत होतात रात्री, मला माहीत नव्हतं असं वाटतं का? मी सगळ्याच रात्री झोपलेली नसायची." आणि मग, "आप्पांची ओसरी पाहिलीत ना."
मी तुळशीची वाळकी पानं खुडू लागलो. दहा वर्षांची वकिली.
राग तिच्यावर की कशावर. मला वाटत होतं झोप मला सापडली. ती वाटीत घालून दिलेली होती.

फाल्गुन शु. २
काल नुसता काढा घेतला. वाटत होतं, सवय लागली असेल, येईल. रात्र कोरी.
सकाळी आप्पा दारात. "लागली ना?"
"लागली," म्हणालो.
सौ. मागे भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

फाल्गुन शु. ४
आज सकाळी आप्पा म्हणाले, खाडीपर्यंत फिरून येऊ. धक्क्यावर गलबतातून कौलं उतरवत होते, ते पाहत एका दगडावर बसले.
"जावईबापू, एक विचारतो. हसू नका."
"विचारा ना."
"मला झोप नाही. दोन वर्षं होतील. घरात हिला सांगितलेलं नाही, लेकीलाही नाही. वैद्यालाच झोप येत नाही म्हटल्यावर ओसरीवर कोण बसेल? जे जे येतं ते सगळं स्वतःवर करून पाहिलं. हा काढाही. काही नाही. मग तुम्हाला गुण आला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांखालचा काळेपणा मला आज दिसला. मी इतके दिवस स्वतःचेच डोळे आरशात पाहत होतो. "त्या दिवसापासून मी पुन्हा घेतो आहे. त्याच भांड्यातला, तुमच्याच वेळेला, डाव्या कुशीवर. मला का येत नाही? तुम्ही आणखी काय करता? काही जप? निजताना काही मनात आणता? जे असेल ते सांगा. लहानमोठं बघू नका."
खोटं बोलायला तोंड उघडेना आणि खरं बोलायलाही. "आठवून सांगतो," म्हणालो.
"सावकाश सांगा," म्हणाले. "मला घाई नाही. रात्रभर जागाच असतो." पहिल्यांदाच कोणी तरी हे अगदी मला समजेल असं बोललं. येताना त्यांनी माझा हात धरला होता, उतार आहे म्हणून.
घरी आल्यावर सौ.ला सांगितलं. ती खाली बसली. "दोन वर्षं?" म्हणाली, आणि पदर तोंडावर धरला. मी म्हटलं, आता त्यांना खरं सांगू, दवाखान्यात नेऊ. ती म्हणाली, ते मरतील पण त्या पायऱ्या चढणार नाहीत. मी म्हटलं, चढतीलही. कोणी विचारून पाहिलं आहे? ओसरीवरून आप्पांचा आवाज येत होता, कोणाला तरी डाव्या कुशीचं महत्त्व सांगत होते.
मग ती हळूच म्हणाली, "या वेळी मोठी बाटली आणा."
हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.
उद्या पहिल्या गाडीने ठाण्याला जातो. गोमाच्या दाव्याची तारीख आहे. दवाखाना कोर्टाच्या वाटेवरच पडतो.