धुराड्यावरचा पालथा डबा

बाबा,

तुम्ही फिरायला गेल्यावर मी गच्चीवर जाऊन पाहिलं. बंबात काहीच खराबी नाही. तिथे वाळत घातलेल्या पापडांवर काजळी पडू नये म्हणून परवा मीच बंबाच्या धुराड्यावर डबा पालथा घातला आणि साफ विसरले. काल घरभर धूर झाला तो त्यानेच, आणि ओरडले मात्र तुमच्यावर.

डबा काढलाय, जाळीतली राखही झाडलीय. सुकी लाकडं जिन्याखाली आहेत. आधी पाणी भरा, मगच पेटवा.

मी शाळेत निघाले. अकराला ते भंगारवाले भिया येतील, आईंचा बंब न्यायला. रागारागात मीच फोन केला होता, आता ते उचलत नाहीयेत. त्यांना सांगा, आमच्याकडे भंगार काही नाही.

यामिनी