मावशीचा व्हॉल्व्ह

१४ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. प्रवास नीट झाला असेल. आम्ही ठीक आहोत. तुझ्या वहिनीची कंबर पुन्हा कुरकुरायला लागली आहे. माळ्यावरचं गळणं एकदाचं थांबलं. फोनची वाट बघणं सोड, असं मी तिला सांगतो. ती हो म्हणते आणि फोनशेजारीच भाजी निवडत बसते.

मावशीच्या घरी जाऊन तिची खोली आवरायला घेतली होती. कपडे झाले, पण टायपिंगच्या मशीन तशाच आहेत. कोणाला हव्यात आता? वर्ग बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी ती अधूनमधून त्यांना तेल घालायची. तुला एखादी हवी असेल तर कळव. जड आहे, पण पाठवता येईल.

बस, ही झाली खुशाली. दोन दिवस मी एवढंच लिहून कागद बाजूला ठेवतोय.

जाताना टॅक्सीचं दार लावता लावता तू म्हणालीस, "तुझ्या हातात होतं, दादा." मला उत्तर द्यायला वेळ मिळू नये म्हणूनच तू तेव्हा म्हणालीस, असं मला वाटतं. सगळं तुला फोनवर तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं. आज सलग सांगतो.

आमच्या हॉस्पिटलात मी बायपास नेहमी करतो, आठवड्यात दोन-तीन तरी. व्हॉल्व्हचं, म्हणजे हृदयातली झडप बदलण्याचं, तसं नाही. तो पेशंट महिन्यातून एखादा येतो, कधी तोही नाही. गेल्या वर्षी एक बस कंडक्टर होता, हसतमुख माणूस. ऑपरेशन चांगलं झालं. झडप नीट बसली, मी स्वतः दोनदा तपासली. संध्याकाळी त्याच्या हृदयाभोवती रक्त साचायला लागलं. नर्स हुशार होती, पण असं तिने त्याआधी एकदाच पाहिलं होतं. तिला शंका आली, तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग मला बोलावलं. तो थोडा वेळच नडला, माणूस गेला. चूक म्हणावी अशी कुणाचीच नव्हती, आणि मला तेच जास्त लागलं. चूक असती तर सुधारता आली असती.

मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात व्हॉल्व्ह रोज होतात. तिथल्या नर्सला शंका येत नाही, तिला कळतंच. एकटा सर्जन काही करत नाही गं, अख्ख्या खोलीचा हात बसावा लागतो. तिथे जास्त माणसं जगतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं आणि आम्ही ते मोठ्याने म्हणत नाही. मी म्हणालो. उन्हाळ्याच्या तोंडावर ट्रस्टींना सांगितलं, व्हॉल्व्ह आता इथे नाही, सगळे तिकडे पाठवणार. ते नाराज झाले. मला मात्र खूप वर्षांनी स्वच्छ झोप लागली.

आणि मग मावशी पोस्टाच्या रांगेत चक्कर येऊन पडली.

तपासणी मीच केली. झडप इतकी आकसली होती की ही बाई जिने कशी चढत होती, हेच कळेना. तिला सांगितलं, तेव्हा ती चष्मा पुसत होती. म्हणाली, "मग कर की तू."

मी म्हणालो, इथे नाही, तिकडे जायचं. ती हसली. तिला वाटलं, घरच्यांचं ऑपरेशन करू नये असा काही नियम आहे. मी तिला खरं कारण सांगितलं, कंडक्टरचंही सांगितलं. ती शिकवणारी बाई, तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "सगळ्यांना तिकडे पाठवलंस तर तुझा हात कधी बसणार?"

मी तारखेसाठी तिकडे फोन लावला.

तिकडची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. मी ओळखी काढल्या, फोन केले, पण रांगेत पुढे होते तेही आजारीच होते. मावशी आमच्याकडे राहायला आली. भेटायला येणाऱ्यांना सांगायची, "भाचा हृदयाचा डॉक्टर आहे ना, म्हणून मला एवढ्या लांब जायचंय." लोक हसायचे, मीही हसायचो. ती गेली त्या सकाळी केस विंचरत होती. वहिनी चहा घेऊन गेली तर कंगवा खाली पडलेला. मी त्या वेळी ऑपरेशन करत होतो. एका किराणा दुकानदाराची बायपास. मला बाहेर आल्यावर कळलं. तो माणूस परवा घरी गेला, छान आहे.

इथपर्यंत तुला थोडंफार ठाऊक होतं. पुढचं मी वहिनीलाही सांगितलेलं नाही.

ती गेली त्याच्या आधीच्या रविवारी मी तिच्या पायांची सूज बघत होतो. ती म्हणाली, "एक ऐकशील? नुसतं हो म्हण. मावशी, मी करतो तुझं ऑपरेशन, एवढंच म्हण. मी जाणार तिकडेच, बॅग भरलेली आहे. पण तू म्हणालास की बरं वाटेल."

मी म्हणालो, "असं खोटं कशाला बोलायचं?"

तिने पाय पांघरुणात ओढून घेतले. "राहू दे," म्हणाली.

मी का म्हणालो नाही, बारके? तेव्हा वाटलं, हो म्हटलं की ती धरून बसेल, जाणारच नाही. ते खरं नाही. ती दिलेला शब्द पाळणारी होती. मला भीती वाटली. एकदा हो म्हटलं तर मीच ते करायला निघेन आणि ती माझ्या टेबलावर जाईल, ही. आमच्याकडे दहांतले नऊ जगतात. मी तिला मनातल्या मनात दहावी करून टाकलं होतं. ती नवांतली असू शकली असती. आकडे शंभर माणसांबद्दल बोलतात, मावशीबद्दल काहीच सांगत नाहीत.

काल एक गृहस्थ आले. तिच्याकडेच टायपिंग शिकलेले, तोच आजार. म्हणाले, बाईंसारखा माझाही जीव वाट बघण्यात जायला नको, इथेच करा. ट्रस्टींनीच पाठवलं असावं, त्यांना आता चांगलं निमित्त सापडलंय. मी नाही म्हणालो.

त्यांनी विचारलं, "तुम्ही केलं असतं तर बाई वाचल्या असत्या का?"

"माहीत नाही."

"तरी मला नाहीच म्हणता?"

"तरी नाहीच."

ते उठून गेले, दारही ओढलं नाही. माझं म्हणणं बरोबर आहे, यावर माझा अजून विश्वास आहे. फक्त आता झोप लागत नाही. गुरुवारी त्यांना माझ्या गाडीतून तिकडे नेतोय, यायला तयार झाले तर. तारीख मिळेपर्यंत तिथून हलणार नाही. मावशीसाठी मी फोनवरच भागवलं होतं.

तुझी माफी मागत नाही. मागितली तर तू माफ करशील, आणि मग आपण तिच्याबद्दल बोलणं थांबवू. त्यापेक्षा तुझा राग असू दे. पण लिहीत जा, दोन ओळी, शिव्या असल्या तरी चालतील.

तिच्या मागे राहिलेल्या दोघांतला एक,
दादा