भोपळ्याच्या हंगामात या, विहीणबाई

मांतोव्हा,
८ सप्टेंबर १९८६

श्रीमती सेराफिना विहीणबाई यांस,
एर्सिलिया बोत्तोलीचा स. न. वि. वि.

इकडे सगळी खुशाल आहेत. लिव्हिओची रेल्वेतली पाळी बदलली, त्यामुळे माझा लेक आता दिवसाउजेडी घरात दिसतो, आणि दिसतो तेव्हा खात असतो. तुमची नुन्त्सिया उत्तम. आमचे हे गुडघा धरून बसतात आणि दोष तळ्यावरच्या दमट हवेला देतात. जिने चढताना सिगारेट ओढतात, त्याबद्दल मात्र बोलायचं नाही.

पत्राचं कारण असं की भोपळे आलेत. यंदाचा भोपळा फोडला की आतून मधाच्या रंगाचा निघतो. मुलांचं लग्न होऊन सहा वर्षं झाली, आणि तुम्ही अजून आमच्या गावात पाऊल ठेवलेलं नाही. एकदा छप्पर गळत होतं, एकदा बहिणीचं ऑपरेशन होतं. गेल्या वर्षी तर मांतोव्हात धुकं फार असतं असं कळवलंत, जसं काही ते आम्हीच पाहुणे अडवायला सोडतो. यंदा सबब चालणार नाही. ऑक्टोबरात तीन दिवस काढा. बेत मी ठरवलाय, तुम्ही फक्त भूक आणायची.

शुक्रवारी संध्याकाळी गाडीतून उतराल तेव्हा दमलेल्या असाल, म्हणून नुसता मांसाचा कढत रस्सा, वाटीतच लाल वाइन ओतलेला. किंचाळू नका, इथे लहानपणापासून हेच पितात. शनिवारी दुपारी तळ्यातला मासा, हिरव्या चटणीत मुरवलेला. संध्याकाळी चौकातल्या खानावळीत गाढवाच्या मांसाचा रस्सा. नाक मुरडू नका, तिकडे दक्षिणेत तुमच्या बारीत घोडा खातात हे नुन्त्सियानं सांगितलंय. नंतर बदामाचा खुसखुशीत केक. तो सुरीनं कापत नाहीत, मूठ मारून फोडतात. तुमच्या स्वभावाला जमेल. आणि रविवारी घरी भोपळ्याचे तोर्तेल्ली. पास्त्याच्या पारीत भोपळ्याचं सारण भरलेलं असतं. आमच्याकडे यापुढे बोलायचं राहत नाही.

बेत पसंत असल्याचं लवकर कळवा. आमच्यावरचा लोभ तुमच्या सबबींपेक्षा मोठा असावा, एवढंच मागणं.

आपली,
एर्सिलिया


बारी,
१७ सप्टेंबर १९८६

सौ. एर्सिलिया विहीणबाई यांस,
सेराफिना लोरुस्सोचा स. न. वि. वि.

पत्र पोचलं. ते मी दारात बसून मोठ्यानं वाचलं आणि आमची सगळी गल्ली हसली. तुमच्या तोर्तेल्लीची हकिगत मला नुन्त्सियाच्या पत्रांतून ठाऊक आहे. पास्त्यात भोपळा, भोपळ्यात बदामाची बिस्किटं, त्यात मोहरीच्या झणक्याचा फळांचा मुरंबा, आणि वरून किसलेलं चीज! विहीणबाई, हे जेवण आहे की वाण्याची फळी कोसळली? आमच्या पास्त्याला पीठ, पाणी आणि अंगठा पुरतो. तुम्ही पिठात अंडं घालता म्हणे. अंडं घातलं की पिठाचे दोष झाकले जातात, असं माझी आई म्हणायची. तिनं तुम्हाला पाहिलं नव्हतं, तेव्हा राग मानू नका.

तरी येते. पोर डोळे भरून बघून फार दिवस झाले. उन्हाळ्यात आली की चार दिवस समुद्रात डुंबते आणि परत जाते. माझ्या अटी लिहून ठेवा. तेल मी माझं आणीन, तुमच्याकडे सगळं लोण्यात पोहतं म्हणे. गाढव खाईन, पण आधी पाहीन. रश्श्यात वाइन ओतायची असेल तर ती माझ्या पाठीमागे ओता.

एक आठवण द्यायची होती. लग्नात लिव्हिओ म्हणाला होता की थोडी वर्षं तिकडे काढतो, मग बारीत बदली घेतो. मी वरची खोली रंगवायला काढलीय. माझ्या दारातल्या टेबलाशी बायका पास्ता घ्यायला येतात तेव्हा विचारतात, की तुझ्यानंतर इथे कोण बसणार? मी सांगते, नुन्त्सिया.

यजमानांना गुडघ्यावर गरम मिठाची पुरचुंडी शेकायला सांगा. भेटीपर्यंत माया अशीच राहू द्या.

आपली,
सेराफिना


मांतोव्हा,
२५ सप्टेंबर १९८६

श्रीमती सेराफिना विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही येणार म्हणून घरात आनंद झाला. अंड्याबद्दलचं वाक्य आमच्या ह्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि दोन्ही वेळा हसले. त्यांना त्या दिवशी गोड मिळालं नाही.

पण वरच्या खोलीचं वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुम्हाला तीन दिवस खाऊपिऊ घालून, तुमचं पोट भरलेलं असताना एक गोष्ट सांगायची असं मी ठरवलं होतं. आता ते बरं वाटत नाही. पाहुणीला गाफील गाठणं आमच्या घरात बसत नाही.

माझं पास्त्याचं दुकान मी नुन्त्सियाच्या हाती द्यायचं म्हणते. नोकर म्हणून नाही, मालकीण म्हणून. माझे खांदे आता लाटणं ओढत नाहीत. माझ्या सासूनं ते मला दिलं तेव्हा मीही बाहेरून आलेली होते, जरी फक्त नदीपलीकडून. लिव्हिओला पिठात रस नाही, त्याला फक्त शिजवलेलं कळतं. नुन्त्सियाला विचारलं तर तिनं हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. आई एकदा इथे जेवून जाऊ दे, मग सांगते, म्हणाली.

हे आता तुमच्यासमोर मांडलं. रागवायचं असेल तर पत्रातच रागवा, पण या.

लोभात खंड पडू देऊ नये.

आपली,
एर्सिलिया


बारी,
२ ऑक्टोबर १९८६

सौ. एर्सिलियाबाई यांस,
नमस्कार.

म्हणजे मासा, गाढव, केक, सगळं यासाठी होतं. माझं तोंड भरायचं आणि मुलगी ठेवून घ्यायची. चांगला बेत केलात.

मला एकच मुलगी आहे. तिच्या बोटांना पीठ मी लावलं, तेव्हा ती टेबलाएवढीही नव्हती. तुमच्या दुकानाला माणूस हवं तर मांतोव्हात बायका संपल्या का?

मी येत नाही. तिकीट परत केलं. भोपळे तुम्हीच खा.

सेराफिना लोरुस्सो


मांतोव्हा,
९ ऑक्टोबर १९८६

ती. आईस,
नुन्त्सियाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र सासूबाईंनी मला वाचायला दिलं. त्या दिवसभर गप्प होत्या. त्या गप्प बसल्या की घरातलं घड्याळसुद्धा हळू चालतं, म्हणून मी लिहायला बसले. त्यांची बाजू मांडायला नाही, त्यांना स्वतःचं तोंड आहे. माझं सांगते.

आई, वरची खोली रंगवू नकोस. आम्ही बारीला परत येणार नाही. लिव्हिओ लग्नात बोलला तेव्हा ते खरं होतं, आता नाही. हे मी दोन उन्हाळे तुझ्यासमोर बसून सांगू शकले नाही. तू इतकी आनंदात असायचीस, की मी समुद्रावर निघून जायचे.

तुला वाटतं त्यांनी मला धरून ठेवलंय. पहिल्या वर्षी मी इथे कशी होते ते तुला लिहिलं नाही. तू शिकवलेला अंगठा इथल्या पारीला चालेना. तुझ्या पास्त्याला दाब लागतो, ही पारी इतकी पातळ की खालचं लाकूड दिसतं. मी दाबलं की फाटायची. सासूबाई अख्खं ताट टाकून द्यायच्या. मी मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यावर बसून रडायचे. परत यायला गाडी रोज होती. मी आले नाही, कारण मला ती पारी जमायलाच हवी होती. मी तुझी मुलगी आहे, मला हरायला येत नाही.

आता नाताळच्या आदल्या संध्याकाळी ही अख्खी गल्ली माझ्या हातचं खाते. हे कुणी सांगून तुला कळायचं नाही. तू मला शेवटचं काम करताना पाहिलंस ते तुझ्या हाताखाली. मला तुझी परवानगी नको आहे, आई. तू यावंस, खावंस आणि वाईट झालं असेल तर वाईट म्हणावंस. तू सोडून कुणाच्या म्हणण्याला मी घाबरत नाही.

तब्येत जप. चिडलीस तरी माझ्यावरची माया आटवू नकोस.

तुझी,
नुन्त्सिया


बारी,
१५ ऑक्टोबर १९८६

चि. नुन्त्सियास,
अ. उ. आ.

चोवीस तारखेच्या शुक्रवारी येते. स्टेशनवर लिव्हिओला पाठव, तेलाचा डबा जड आहे. बाकी आल्यावर बघू.

तुझी,
आई


बारी,
३० ऑक्टोबर १९८६

सौ. एर्सिलिया विहीणबाई यांस,
सेराफिनाचा स. न. वि. वि.

सुखरूप पोचले. गाडीच्या डब्यात शेजारी बसलेल्या बाईला तुमचा केक दिला. तिला मूठ मारता येईना, मीच फोडून दिला. वाइनचा रस्सा मी दोन वाट्या प्यायले, हे बारीत कळता कामा नये. मासा चांगला होता. गाढव तर आमच्या घोड्याहून मऊ निघालं, हे लिहिताना हात जड झालाय.

आता एक गोष्ट सांगते, जी तुमच्या घरात बोलले नाही. शनिवारी सकाळी तुम्ही माशाचे काटे काढत होतात आणि मी मेणबत्ती लावायला देवळात जाते म्हणून बाहेर पडले. देवळात गेले नाही. डोक्याला रुमाल बांधला आणि तुमच्या दुकानासमोर गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहिले. रांग पार कोपऱ्यापर्यंत होती. पोरीचं काम मला तिला न कळता बघायचं होतं.

माझ्या पुढे लोकरी कॉलरचा कोट घातलेली एक ठसकेबाज बाई होती. मी नवखी दिसले असेन. तिनं मागे वळून मला सल्ला दिला, की थांबावं लागलं तरी तोर्तेल्ली आत बसलेल्या तरुण बाईच्या हातचेच घ्या, तिचा एकही पाण्यात सुटत नाही. मग आवाज खाली करून म्हणाली, की ती इकडची नाही बरं का, खालची आहे, दक्षिणेची, पण हात बघा तिचे. खालची हा शब्द तिनं असा उच्चारला, जशी कोबीतून अळी काढून टाकतात. एरवी मी तिथेच तिचा कोट उतरवला असता. तुम्ही मला ओळखता.

पण तेवढ्यात रांग पुढे सरकली आणि दारातून नुन्त्सिया दिसली. मान खाली, बाह्या वर. पारी कापत होती, सारण ठेवत होती, मिटत होती. बोटांकडे बघतसुद्धा नव्हती, बाजूच्या मुलीला काहीतरी रागावून सांगत होती. अगदी माझ्यासारखी रागावत होती. कडेला शेवटचा दाब मात्र अंगठ्यानं द्यायची, आणि तो इतका हलका, की असा हलका दाब मला उभ्या जन्मात जमलेला नाही. मी त्या बाईला सांगितलं, की ती माझी मुलगी आहे. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं असेल, माझा आवाज तसाच आहे.

ती बाई लाल झाली. सावरली, आणि माझे दोन्ही हात धरून तिनं विचारलं, की हे हिला शिकवलं कुणी? विहीणबाई, मी म्हणणार होते, मी. शब्द ओठांवर होता. पण खोटं बोलायला जीभ वळेना. म्हटलं, आम्ही दोघींनी. घरी येऊन मी तुमच्याशी नीट बोलले नाही, ते याचमुळे.

रविवारी मी ताट संपवून गप्प बसले तेव्हा तुम्ही घाबरलात, आवडलं नाही असं समजलात. मला बोलता येत नव्हतं, एवढंच. नुन्त्सियानं मात्र दुसऱ्यांदा वाढलं.

तर दुकान तिला द्या. वरच्या खोलीत मी कांदे पसरलेत. गल्लीत सगळ्यांना सांगितलंय, की मांतोव्हाच्या मोठमोठ्या बाया माझ्या पोरीसाठी कोपऱ्यापर्यंत उभ्या राहतात. काल पोस्टमननंही मला थांबवून विचारलं. मी त्याला पहिल्यापासून सांगितलं, त्याचं बाकीचं टपाल उशिरा पोचलं.

मागणी एकच. पाटीवर नुसतं बोत्तोली नको, लोरुस्सोसुद्धा हवं. अक्षरं सारख्याच उंचीची.

आता लोभ करा म्हणून लिहीत नाही. तो आहे, हे मी रांगेत कबूल करून आले.

तुमची,
सेराफिना


मांतोव्हा,
२१ नोव्हेंबर १९८६

श्रीमती सेराफिना विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

पत्र वाचून मी चष्मा पुसला, आणि तो पुसायची गरज नव्हती. लोकरी कॉलरची बाई कोण ते मी ओळखलं. ती आता दुकानात आली की नुन्त्सियाला बाईसाहेब म्हणते आणि तुमची तब्येत विचारते.

पाटीचं ऐका. तुमच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही नावं लिहायची ठरवली. खरं सांगते, बोत्तोली आधी लिहायचं ठरवलं होतं. रंगाऱ्यानं खडूनं अक्षरं आखली. तेवढ्यात नुन्त्सिया पिठाच्या हातांनी बाहेर आली, वर बघितलं, आणि त्याला म्हणाली, की दोन्ही पुसा. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, की सासूबाईंचं नाव सासूबाईंच्या दारावर आहे, आईचं आईच्या दारावर आहे, या दारात पहाटे उठून मी येते. रंगाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी घराकडे वळले, तेव्हा त्यानं पुसलं.

मला राग आला होता, लपवत नाही. माझ्या सासूच्या वेळेपासूनचं नाव होतं ते. तुम्हालाही हे वाचून राग येईल, तो तुमचा हक्क आहे. रंग वाळेपर्यंत मी दुकानात पाऊल टाकलं नाही. काल मात्र बाजारातून येताना रस्त्याच्या पलीकडे थांबले आणि वर पाहिलं. हिरव्या फळीवर पांढरं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच शब्द: नुन्त्सिया.

विहीणबाई, फार शोभतं हो.

तुमचीच,
एर्सिलिया