आईच्या खोलीचा निळा

३ फेब्रुवारी

सात महिने या वहीला हात लावला नाही. चुकलंच माझं. लिहायला बसले असते तर आईचंच लिहावं लागलं असतं, आणि ते दिवसभर डोळ्यांसमोर होतंच — पुन्हा कागदावर कशाला!

आज बसले, कारण एक कबूल करायचं आहे. आई रोज संध्याकाळी चपला घालून दाराशी उभी राहते. "चला, मला माझ्या घरी सोडा." लग्न होऊन ती याच घरात आली, त्याला पन्नास वर्षं झाली. मुफद्दल म्हणतो, "ताई, आजार आहे तो. तू मनाला लावून घेऊ नकोस." धाकटा भाऊ आहे, वरच्या गल्लीत राहतो, त्याला म्हणायला सोपं!

आजार आहेच. पण दोन वर्षांपूर्वी तिची खोली मी रंगवून घेतली. डब्यातला बदामी रंग, ओल्या फडक्याने पुसता येणारा. तिला न विचारता. त्याआधी ती असं घरी जायचं म्हणत होती का? मला वाटतं, नव्हती. की चूक दुरुस्त करता यावी म्हणून मला तसं आठवतंय?

४ फेब्रुवारी

रमजान महिन्यावर आला. गल्लीतल्या बायका चुना भिजवायला लागल्या. आईही दरवर्षी भिजवायची, त्यात नीळ कालवायची.

ठरलं. खोली पुन्हा निळी.

७ फेब्रुवारी

डब्यातल्या रंगावर चुना धरत नाही. तीन दिवस शाळेतून आल्यावर खरवडतेय. नखं गेली. आज कपाटामागे तळहाताएवढा जुना तुकडा सापडला! आमच्या शावन गावातल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींचा भडक निळा नव्हे, फिकाही नव्हे. मधला. मला तो असा आठवत नव्हता. खोटं कशाला लिहू — मला तो आठवतच नव्हता.

९ फेब्रुवारी

चुन्याच्या बादलीत चार चमचे नीळ. काल संध्याकाळी तुकड्याशी तंतोतंत जुळला. सकाळी पाहते तर दुधात पाणी घातल्यासारखा. आठ चमचे. मग सहा. सगळी भिंत ठिपक्यांची.

शेजारची रहिमो मावशी डोकावली. "काय गं मास्तरीणबाई, भिंतीला गोवर आलाय का?"

मी चमच्यांचा हिशेब दाखवला. ती पोट धरून हसली. "ओला बघून ठरवतेस? अगं, तुझी आई छपरावरच्या तापलेल्या कौलावर थेंब टाकायची. वाळला की मग बघायची. इतकी वर्षं तुझ्या डोळ्यांदेखत! तुझं नाक मात्र पुस्तकात."

रसायनशास्त्र शिकवते मी. बावीस वर्षं.

१० फेब्रुवारी

निळा छातीपर्यंत, वर पांढरा, कोनाड्यात जरा गडद — मावशीला सगळं पाठ आहे. मुफद्दल आला. "ताई, दारही निळं कर ना. माझ्या लॉजवरचे पाहुणे फोटो काढायला येतील."

"आईच्या खोलीत?"

"बरं बाई, राहिलं."

दार लाकडाच्या रंगाचंच राहील. त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. नंतर वाटलं, त्याला हसवायचं असेल फक्त.

१२ फेब्रुवारी

कौलावरचा पाचवा थेंब जमला. कौल तुकड्याशेजारी धरलं — कुठलं नवं, कुठलं जुनं, सांगता येईना! छपराच्या जिन्यात बसून रडले. तो रंग जमला याचं रडू होतं, की आता आई तरीही दाराशी उभी राहिली तर माझ्याकडे दुसरी काही सबब उरणार नाही याचं?

१३ फेब्रुवारी

आई सुपाचा घोट घेऊन म्हणाली, "बतूल, बिसाऱ्यात मीठ कमी आहे." माझ्या नावासकट! लिहून ठेवते.

१६ फेब्रुवारी

भिंतींना रंगाचे दोन हात देऊन झाले. आई दोन दिवस मावशीकडे आहे. तिथेही चपला घालून उभी असते म्हणे.

१८ फेब्रुवारी

आईला घरी आणलं आज. उंबऱ्यावर बराच वेळ थांबली. मग आत गेली, भिंतीवर हात टेकला. तळव्याला निळी भुकटी लागली, ती तिने झग्याला पुसली — अगदी पूर्वीसारखी. चपला काढल्या. म्हणाली, "आले एकदाची."

संध्याकाळी दाराशी कुणी नाही! मुफद्दल म्हणाला, "ताई, जिंकलीस." मी नाही म्हटलं नाही. म्हणजे रंगच होता. म्हणजे दोन वर्षं ती माझ्यामुळेच भटकत होती. तरी आज झोप लागेल.

१९ फेब्रुवारी

सकाळी नाश्ता घेऊन आत गेले. आईने डोक्यावरचा रुमाल सावरला, जरा सरकून मला बसायला जागा दिली. "या. तुम्ही कोणाच्या? हळू बोला हं, माझी बतूल आत्ता कुठे झोपलीय."

उद्या : दार वाजवून आत जायचं.