भरतकामाच्या रिंगमागून

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी धड आहे, वेळेवर जेवतो, आणि सायकलच्या दुकानात मालकाशी अजून भांडलेलो नाही. आईला हे शेवटचं आधी सांग.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. तू जिला 'शिंपीण' म्हणतेस, ती माझी मैत्रीण बरी आहे. तापात ऐकू येणं गेलं होतं, आता कानात यंत्र बसवलंय. मला वाटलं, बटण दाबलं की झालं. तसं नसतं. यंत्र नुसते इशारे पाठवतं. त्यांचा अर्थ लावायला मेंदू नव्याने शिकतो, रोजच्या सरावाने त्याच्या आतल्या जोडण्या हळूहळू बदलतात. पहिल्या दिवशी मी हाक मारली तर म्हणाली, "डब्यात बेडूक बसलाय का?" पुढे तिला शिलाई मशीनचा आवाज ओळखता आला. माझा नाही. मशीनवर जळणारा माणूस पाहिलायस कधी?

तिला एक विचारायचंय मला. पण ते तिने ओठ वाचून समजून घ्यायला नको. माझ्या आवाजातच पोचायला हवं.

सरावासाठी तिने भरतकामाच्या रिंगवर पातळ कापड ताणून दिलं. ते तोंडापुढे धरून मी शब्द बोलायचे. आवाज पार जातो, ओठ दिसत नाहीत. चुकली की तिचा चेहरा असा उतरायचा की माझ्याने बघवेना. मग मी रिंग जराशी खाली धरू लागलो. सगळे शब्द बरोबर. दोघंही खूश.

कानांच्या दवाखान्यातल्या बाईंनी तपासलं, तर ती होती तिथेच. म्हणाल्या, "तू तिचे डोळे शिकवलेस, कान उपाशीच राहिले. उद्यापासून सरावाला तिच्या मावशीला बसव."

मी दार आपटून निघालो. कॉलेजातून निघालो होतो तसाच. तेव्हा तू म्हणालीस, मुलीपायी सोडलंस. खरंच होतं. ती तापाने फणफणत होती आणि मला वर्गात बसवत नव्हतं.

काल तिच्याकडे परत गेलो. रिंग नाकापासून हनुवटीपर्यंत धरली. "खिडकी." ती चुकली. पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकली. माझा हात खाली येऊ बघत होता, तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

तिने डोळे मिटले. "खिडकी," म्हणाली. मग जरा थांबून, "आणि तू चिडलायस."

ताई, मिटल्या डोळ्यांनी ओळखलं तिने मला.

विचारायचं ते अजून विचारलेलं नाही. त्याआधी तू ये. तिला तुझा आवाज ऐकायचाय, आणि मलाही. हवं तेवढं रागाव. फक्त रिंग धरून, सावकाश.

हात खाली न आणणारा,
तुझा भडकू