एकोणीस दिवस क्लोरीन नव्हतं

४ फेब्रुवारी, मंगळवार

हो म्हणून बसले! आता निस्तरा.

पाणीपुरवठ्याच्या नव्या इंजिनियरचा फोन होता. जुनं जलशुद्धीकरण केंद्र पाडायचं की ठेवायचं, यावर अठ्ठावीस तारखेला समिती बसणार आहे. त्यांना केंद्राचा इतिहास हवाय — पंधरा पानं. "मॅडम, एकोणतीस वर्षं तिथल्या प्रयोगशाळेत होतात. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" पोरगी गोड बोलते. मी विरघळले.

हे म्हणाले, "केंद्र बंद पडून नऊ वर्षं झाली, तरी तुझं पाणी काही आटत नाही!"

६ फेब्रुवारी

जाऊन आले. कुलूप उघडेना, वॉचमनने शेवटी दगडाने ठोकलं. प्रयोगशाळेत माझं टेबल तसंच आहे — आम्ल सांडलं होतं तो काळा डागसुद्धा. मागचे वाळूचे सहा हौद कोरडे ठाक. एकेक हौद खेळाच्या मैदानाएवढा, आणि त्यात गवत कमरेइतकं.

दप्तराच्या खोलीत एक कपाट वाळवीने खाल्लंय. बाकीची रजिस्टरं शाबूत. डोळ्यांत पाणी आलं. वॉचमनला म्हटलं, धूळ फार आहे हो.

७ फेब्रुवारी

शिंका. दिवसभर शिंका. अर्धं पान झालं.

१० फेब्रुवारी

आज काविळीच्या वर्षाचं लिहायला घेतलं. माझं आवडतं प्रकरण! बेचाळीस वर्षांपूर्वीचा उन्हाळा. शहराच्या पूर्व भागाला नव्या यंत्रांनी गाळलेलं पाणी जायचं, पश्चिमेला जुन्या वाळूच्या हौदांतलं. पूर्वेला घरोघरी कावीळ, पश्चिमेला एकही नाही. का? तर आमच्या साहेबांनी पश्चिमेच्या पाण्यात वेळेवर दुप्पट क्लोरीन सोडलं. मी चार वर्षांनी नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी साहेबांनी स्वतः मला हे सांगितलं होतं. आणि शाळेची सहल आली की मी हातवारे करून पोरांना सांगायचे. एकोणतीस वर्षं!

नेमके आकडे हवेत म्हणून क्लोरीनचं रजिस्टर उघडलं. ९ मे — साठा संपला. २८ मे — साठा आला. मधल्या पानांवर नुसती आडवी रेघ.

एकोणीस दिवस शहरात चिमूटभर क्लोरीन नव्हतं. ना पूर्वेला, ना पश्चिमेला. मग पश्चिम वाचली कशी?

इथे कुठेतरी पाणी मुरतंय. आणि तेही माझ्याच केंद्रात.

११ फेब्रुवारी

ह्यांना दाखवलं. "जुनंच लिहून टाक. कोण बघतंय?"

मी रजिस्टर उघडंच ठेवलं. जरा वेळाने स्वतःच म्हणाले, "तू बघितलंस म्हणा. मग झालं. बस आता शोधत."

१३ फेब्रुवारी

हजेरीपट सापडला! हौदांतली वाळू खरवडायला चौदा बायका होत्या. १२ मेला चौदाही नावांपुढे लाल शाईत एकच शब्द — आज्ञाभंग. पुढे सात दिवस गैरहजर. कारण लिहिलेलं नाही.

वॉचमन म्हणाला, त्यांच्यातली मुकादमबाई आहे अजून. पंपघराच्या मागच्या गल्लीत, लेकीच्या शिवणाच्या दुकानावर राहते.

१५ फेब्रुवारी

दार उघडलं आणि मी चपापले. हा चेहरा मी वर्षानुवर्षं पाहिलाय! नाव मात्र परवा हजेरीपटात पहिल्यांदा वाचलं.

एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. गुडघे गेलेत, जीभ शाबूत.

"नदी आटलेली," त्या सांगायला लागल्या. "हौदातून पाणी हळू उतरत होतं. साहेब म्हणाले, सहाही हौद आजच्या आज खरवडा, म्हणजे झरझर उतरेल. मी म्हटलं, नाही जमायचं."

"का?"

"अगं, वाळूवर साय धरते ना हिरवट! तीच तर पाणी गाळते, रोगराई धरून ठेवते; यंत्रात ती कुठली? ती काढली की पंधरा दिवस पाणी कच्चं. एक हौद खरवडायचा, तो धरला की मग दुसरा. माझ्या सासूने शिकवलं मला, ती पण हौदावरच होती."

हे मी पुस्तकात शिकले. परीक्षेत त्यावर सात गुणांचा प्रश्न होता.

"साहेबांनी घरी हाकललं. आम्ही गेलोच नाही. सात दिवस काठावर ठाण मांडून बसलो — दुसरं कोणी खाली उतरू नये म्हणून."

"ओरडले असतील."

"घसा बसेपर्यंत!" काय हसल्या! "मग पूर्वेला कावीळ आली. साहेब सकाळी एकटेच आले. म्हणाले, बाई, तुमच्या मनासारखं करा. बास. तेवढंच."

"तुम्ही कधीच कुणाला सांगितलं नाहीत?"

"विचारलं कुणी? तू तर रोज बाटल्या घेऊन आमच्यासमोरून जायचीस."

तोंडात मारल्यासारखं झालं. 

१८ फेब्रुवारी

साहेबांकडे जायला निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले. एकसष्ट वर्षांची घोडी, आणि अजून त्यांना घाबरते!

नुसती भीती नाही म्हणा. मला काम त्यांनीच शिकवलं. बाई प्रयोगशाळेत नको म्हणणाऱ्यांना त्यांनीच गप्प केलं होतं.

१९ फेब्रुवारी

गेले. साहेब सून-मुलाकडे असतात. सहा वर्षांनी नव्वद पुरी होतील. गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होते. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं, "साहेब, एकोणीस दिवस क्लोरीन नव्हतं."

झारी खाली ठेवली. "नोकरी किती वर्षं केलीस?"

"एकोणतीस."

"आणि रजिस्टर आत्ता उघडलंस होय!" हसले. मग हसू गेलं. "वरून अहवाल मागवला होता. बायकांनी माझा हुकूम मोडला म्हणून अर्धं शहर वाचलं, असं कसं लिहू? नोकरी गेली असती असं मनाला सांगत आलो. नोकरी नसती गेली. नाक गेलं असतं."

"मी आता खरं लिहिणार आहे."

झारी उचलून उरलेलं पाणी कुंडीत ओतलं. मला वाटलं, आता ऊठ म्हणतील.

"लिही. खाली मी सही करतो."

तिथेच एका कागदावर चार ओळी लिहून पुढे केल्या. सहीला दोन मिनिटं लागली. मी कागद धरून ठेवला होता.

२३ फेब्रुवारी

पंधराची एकवीस पानं झाली. चौदा नावं पहिल्याच पानावर.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

समिती. लांब टेबल, नऊ जण. मी वाचलं. साहेबांची सही आली तिथे कागद उचलून सगळ्यांना दाखवला.

मुकादमबाईंना लेकीने रिक्षाने आणलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "आजी, काही बोलायचंय?"

"वाळू चांगली आहे. फेकू नका."

दोघं-तिघं हसले. इंजिनियर हसली नाही. खुर्ची ओढून सरळ त्यांच्यापाशी जाऊन बसली. "आजी, नव्या केंद्रात वीज गेली की सगळं ठप्प होतं. ह्याला वीज किती लागायची?"

"पाणी आपल्या पायाने खाली उतरतं. त्याला वीज कशाला?"

मग किती बोटं खरवडायचं, वाळू कशी धुवायची, हौद धरला हे कसं ओळखायचं — वीस मिनिटं प्रश्नावर प्रश्न! अध्यक्ष घड्याळ बघतायत, ही वहीत लिहितेय.

निकाल नंतर कळवतो म्हणाले. बाहेर आल्यावर मुकादमबाईंनी माझा हात धरला. "नावं बरोबर वाचलीस गं सगळी."

त्यांनी पाडलं तरी आता चालेल, असं वाटलं. नाही, चालणार नाही. पण वाटलं खरं.

३ मार्च

इंजिनियरचा फोन. पाडत नाहीत!

मी म्हटलं, "म्हणजे आता संग्रहालय?"

"संग्रहालय कसलं, मॅडम! दोन हौद पुन्हा सुरू करतोय. मुकादमबाई नव्या बायकांना शिकवायला येत्या सोमवारपासून येतायत. पाणी तपासायला तुम्ही कधी येता?"